टोपडं लहान झालं ही चूक आमची, पण ते मशीनचं नाही

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचून दोन दिवस झाले. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा लिहिलं असतं तर रागात लिहिलं असतं. तुमचं म्हणणं असं: भाचीच्या बाळासाठी आमच्याकडून घेतलेल्या क्रोशाच्या बाळंतविड्यातलं टोपडं डोक्यात शिरलंच नाही, दुपट्याची कड वेगळ्याच पिवळ्या रंगाची आहे, पिशवी उघडताच कुबट वास आला, आणि 2,600 रुपये घेऊन आम्ही मशीनचा माल हातचा म्हणून तुमच्या गळ्यात मारला. पहिल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चौथी नाही.

टोपड्याचं आधी. फोनवर तुम्ही "नव्या बाळाचा बाळंतविडा हवा" म्हणालात आणि मी सरळ नवजात बाळाचं माप धरलं. जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 34-35 सेंटिमीटर असतो, आणि पहिले तीन महिने तो महिन्याला जवळजवळ 2 सेंटिमीटरनी वाढतो. तुम्ही डिचोलीला बाळ बघायला गेलात तेव्हा ते अडीच महिन्यांचं होतं, म्हणजे घेर चाळिशीला टेकलेला. त्यात सुती दोरा लोकरीसारखा ताणत नाही. "बाळ हे घालणार कधी?" एवढं मी विचारायला हवं होतं. टोपडं माथ्याच्या गोल चकतीपासून सुरू होतं. त्या चकतीला अर्ध्या खांबांची (हा क्रोशाचा एक टाका) एक फेरी जास्त घातली असती तर घेर चारेक सेंटिमीटर वाढला असता. वीस मिनिटांचं काम होतं. आता ऑर्डरच्या वहीत तो प्रश्न पहिल्या ओळीत लिहून ठेवलाय.

कडेचं सांगायला जास्त लाज वाटते. शेवटच्या दोन ओळींना दोरा कमी पडला. म्हापशाहून त्याच नंबरचा गुंडा आणला, पण रंगाचा लॉट वेगळा निघाला, म्हणजे दोरा वेगळ्या खेपेला रंगवलेला. रात्री ट्यूबलाइटखाली फरक कळला नाही असं मला लिहिता आलं असतं. पण कळला होता. "कडच तर आहे, वेगळी नक्षी वाटेल," म्हणून मी पुढे गेले.

वास पावसाचा. प्रत्येक सेट आम्ही धुऊन, आडवा पसरून सुकवतो, आणि फोंड्यात जुलै महिन्यात रुमालसुद्धा धड सुकत नाही. वरून कोरडं लागलं, आत ओल राहिली, आणि मी पिशवी बंद केली. अशा दिवसांत कपाटात डांबरगोळ्या टाकायची आपल्याकडे सवयच आहे. बाळाच्या कपड्यांत आम्ही त्या मुद्दाम ठेवत नाही. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, आणि नॅफ्थलीनमुळे त्यांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते. म्हणजे गोळ्या नव्हत्या ते बरोबरच होतं; आणखी दोन दिवस पंख्याखाली ठेवायला हवं होतं, ते केलं नाही.

आता मशीन. टाके इतके सारखे आहेत की हातचे वाटत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. दोन सुयांच्या विणकामात ओळभर टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात, म्हणून ते यंत्राला जमतं. स्वेटरं निघतात ती तशीच. क्रोशाच्या सुईवर बहुतेक वेळ एकच फास असतो. प्रत्येक टाक्याला सुई मागच्या ओळीतल्या नेमक्या घरात घालायची, दोरा ओढायचा, मग पुढचा टाका. कारखान्यातल्या यंत्रांवर हे होत नाही. दुकानात क्रोशाचे म्हणून जे स्वस्त टॉप टांगलेले असतात ते एक तर कुणीतरी हातानेच केलेले असतात, नाहीतर क्रोशासारखी दिसणारी यंत्राची जाळी असते. तुमचं दुपटं ज्यांनी केलं त्या 68 वर्षांच्या आहेत. लहानपणी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी त्यांना टेबलक्लॉथची लेस शिकवली, आणि टाका सैल झाला की सगळी ओळ उसवायला लावली. तुमचं वाक्य त्यांना वाचून दाखवलं. थोडा वेळ विचार करून त्यांनी विचारलं, "म्हणजे ती बरं म्हणते की वायट?"

किमतीबद्दल एवढंच, की सेटला साधारण 450 ग्रॅम सुती दोरा लागतो, त्याचे 800 रुपये जातात. उरलेले 1,800 रुपये पस्तीसेक तासांचे. भागाकार तुम्ही करा, मला तो करायला आवडत नाही.

आता काय करता येईल ते सांगते. टोपडं नवीन करून देते, पैसे नकोत. दुपटं परत पाठवलंत तर कड उसवून दुसरी घालते, मग ती मुद्दाम पांढरी घेऊ, म्हणजे लॉटचा प्रश्नच नको. कुरियर दोन्हीकडचं माझं. हे काहीच नको असेल तर टोपड्याचे 500 रुपये परत देते. अभिप्राय काढून टाका असं म्हणणार नाही, फक्त मशीनचं वाक्य तेवढं पुन्हा बघा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी भाचीला सांगा: टोपडं बाहेर नेताना घालायचं, घरात झोपवताना नाही, बाळाला उकडतं. आणि वर्षाचं होईपर्यंत झोपलेल्या बाळाजवळ पाळण्यात सुटं दुपटं ठेवू नये. मांडीवर घेताना किंवा जमिनीवर अंथरायला वापरा.

माप घ्यायला टेप नसला तरी चालेल. भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरून आणि मागच्या फुगीर भागावरून दोरा फिरवा, तो पट्टीवर मोजा आणि आकडा मला मेसेज करा. सोबत तारीखही लिहा, आणि बाळ टोपडं कधी घालणार तेही.