ईटनव्हिल ‘पहिलं’ नव्हतं, आणि ते कुणी दानातही दिलं नव्हतं

फेब्रुवारीत अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळतात. तो आला की आपल्याकडच्या ग्रुपांवरही एक पोस्ट हमखास फिरते. तिचा मजकूर थोडक्यात असा: फ्लोरिडातलं ईटनव्हिल हे कृष्णवर्णीयांनी वसवलेलं अमेरिकेतलं पहिलं गाव, दयाळू गोऱ्या जमीनदारांनी त्यांना ते दान दिलं, 1887 पासून तिथे गोऱ्यांचा कायदा चालेना, आणि आज अशी गावं फक्त इतिहासात उरली आहेत. हेतू चांगला असेल, पण चारही विधानं कच्ची आहेत.

आधी ‘पहिलं’ घेऊ. नुसत्या वस्तीबद्दल बोलायचं, तर त्याच फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनजवळचं फोर्ट मोसे आहे. इंग्रजांच्या वसाहतींतून पळून आलेल्या गुलामांना स्पॅनिश गव्हर्नरने 1738 साली तिथे वसवलं. म्हणजे ईटनव्हिलच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी. वस्ती नव्हे, कायद्याने नोंदलेली नगरपालिका म्हणायचंय? मग इलिनॉयमधलं ब्रुकलिन बघा. मिसिसिपी नदीच्या एका काठावर सेंट लुईस, म्हणजे गुलामगिरीचं मिसूरी राज्य, आणि समोरच्या काठावर ब्रुकलिन. 1830च्या सुमाराला प्रिसिला बाल्टिमोर या बाईंच्या पुढाकाराने काही कुटुंबं नदी ओलांडून तिथे राहायला गेली. त्या गावाला कायदेशीर दर्जा मिळाला 1873 मध्ये. (त्याच वर्षी पुण्यात जोतीरावांची ‘गुलामगिरी’ निघाली, आणि ती त्यांनी अर्पण केली गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध काही नाही, तरी साल वाचून मी क्षणभर थबकलो.) नॉर्थ कॅरोलायनातलं प्रिन्सव्हिलही 1885 चं, म्हणजे ईटनव्हिलच्या दोन वर्षं आधीचं.

यावर एक रास्त उत्तर येतं: ब्रुकलिनची नोंदणी 1873 ची असली तरी गावाचा कारभार कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या हाती यायला 1886 उजाडलं. बरोबर आहे. म्हणूनच अभ्यासक ईटनव्हिलला ‘पहिल्यांपैकी एक’ म्हणतात. फॉरवर्ड होता होता त्यातला ‘पैकी एक’ गळून पडला.

दानाची गोष्ट अर्धवट आहे. त्या भागात कृष्णवर्णीयांना जमीन विकायला गोरे मालक तयार होईनात, हा मूळ प्रश्न होता. जोसाया ईटन आणि लुईस लॉरेन्स हे दोघे गोरे तयार झाले, हे खरं. चर्चसाठीची जागा लॉरेन्सने दिली, हेही खरं. पण गाव त्या जागेवर उभं राहिलेलं नाही. जो क्लार्क या कृष्णवर्णीय माणसाने पैसे मोजून जमीन घेतली, तिचे प्लॉट पाडले आणि आपल्या लोकांना विकले. 1889 मध्ये गावच्याच वर्तमानपत्रात जाहिरात आहे: आपल्या माणसांच्या कारभाराखालच्या या शहरात या आणि स्वतःचं घर करा. ती ग्राहक शोधणारी जाहिरात आहे. देणगी वाटणारा असं लिहीत नाही.

आता तिसरं विधान, ‘गोऱ्यांचा कायदा चालेना’. इथे पोस्ट सगळ्यात जास्त घसरते. 15 ऑगस्ट 1887 ला 27 नोंदणीकृत मतदार, सगळे कृष्णवर्णीय पुरुष, सभागृहात जमले. गावाची नगरपालिका करायची असं त्यांनी मतदानाने ठरवलं आणि कोलंबस बोगर पहिला महापौर झाला. आपला महापौर, आपलं कौन्सिल, आपला मार्शल (गावचा पोलीस अधिकारी). त्याआधीच्या दशकात आपल्याकडे काय होतं ते आठवा: 1876 मध्ये जोतीराव पुणे नगरपालिकेत गेले ते सरकारने नेमलेले सदस्य म्हणून, निवडून नव्हे. तेव्हा 27 जणांचं ते मतदान लहान नव्हतं. पण त्यांनी हे केलं ते फ्लोरिडा राज्याच्या कायद्याने, त्या कायद्याविरुद्ध नव्हे. अमेरिकेच्या राज्यघटनेत नगरपालिकेचा उल्लेखच नाही. गावाला जन्म देतं राज्य, आणि राज्य ते मोडूही शकतं. आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी 1868 मध्ये हे स्वच्छ लिहून ठेवलंय. म्हणून 1889 मध्ये फ्लोरिडाने मतदानावर डोईपट्टी लावली, ती ईटनव्हिललाही लागू झाली. आणि हद्दीबाहेर तर काहीच हातात नव्हतं. ईटनव्हिलच्याच ऑरेंज काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात), ओकोई गावात, 2 नोव्हेंबर 1920 ला कृष्णवर्णीय मत द्यायला गेले म्हणून त्यांची वस्ती जाळली गेली आणि त्यांच्यातले पुढारी जुलै पेरी यांना दुसऱ्या दिवशी पहाटे झुंडीने ठार केलं.

मिसिसिपीतल्या माउंड बायूचं उदाहरण तर आणखी अवघड आहे. हे गावही 1887 चंच. त्याचे संस्थापक आयझाया माँटगोमेरी स्वतः गुलामीत जन्मलेले. 1890 मध्ये राज्याच्या घटना परिषदेत ते एकटे कृष्णवर्णीय प्रतिनिधी होते, आणि आपल्याच लोकांचा मताधिकार हिरावणाऱ्या तरतुदीच्या बाजूने त्यांनी मत दिलं. गाव वाचवण्यासाठी केलेली तडजोड, असं त्यांच्या बाजूने म्हणतात. मला ते पटत नाही. पण गावाला ‘स्वतंत्र राज्य’ म्हणणाऱ्याने आधी या मताचा हिशेब द्यावा.

राहिलं ‘इतिहासात उरली’. ईटनव्हिलमध्ये आजही दोन-अडीच हजार लोक राहतात आणि महापौर निवडतात. प्रिन्सव्हिल 1999 मध्ये फ्लॉइड वादळात टार नदीखाली गेलं. केंद्र सरकार म्हणालं, घरं आम्हाला विका आणि दुसरीकडे जा. निर्णय गावच्या मंडळाकडे होता. एका मताच्या फरकाने ठरलं: विकायचं नाही, बांध दुरुस्त करून इथेच राहायचं. 2016 मध्ये मॅथ्यू वादळाने गाव पुन्हा बुडालं. लोक पुन्हा परतले.