नॉर-बीएनआय: अर्ध्या तासात कप्पा सिद्ध होत नाही

नॉर-बीएनआय (नॉर-बायनाल्टॉर्फिमिन) हे कप्पा नावाचा ओपिऑइड रिसेप्टर अडवणारं औषध; एखादा परिणाम कप्पामुळे होतो का, हे तपासायला ते वापरतात. उंदरांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये एक सूचना हातोहात फिरते: "नॉर-बीएनआय फक्त कप्पा रिसेप्टर अडवतं. चाचणीआधी अर्धा तास 10 मिग्रॅ/किलो टोचा. परिणाम गेला की कप्पा सिद्ध. आठवड्याने तेच उंदीर कंट्रोल म्हणून वापरा." यातला डोस तेवढा ठीक आहे, बाकीचं प्रयोग बिघडवतं.

"फक्त कप्पा": हे टोचल्यापासून किती वेळ गेला त्यावर ठरतं. 1987 साली मिनेसोटा विद्यापीठात पोर्टोगीझ आणि सहकाऱ्यांनी मांडलेला हा रेणू म्हणजे पायरोल कड्याने जोडलेले दोन नाल्ट्रेक्सोन-भाग (नाल्ट्रेक्सोन हे ओपिऑइड रिसेप्टर अडवणारं औषध). टोचल्यावर पहिले काही तास तो म्यू हा दुसरा ओपिऑइड रिसेप्टरही अडवतो. म्यूवरचा परिणाम ओसरतो, कप्पावरचा मात्र सावकाश चढतो आणि साधारण एका दिवसाने भरात येतो. म्हणजे अर्ध्या तासाने चाचणी घेतली तर नको तो रिसेप्टर अडलेला आणि हवा तो अर्धवट. किमान 24 तास थांबा. या अंतराचा आणखी एक फायदा आहे. टोचण्याच्या ताणानेही डायनॉर्फिन (कप्पा चेतवणारं शरीरातलंच रसायन) सुटू शकतं, तो ताण चाचणीत मिसळत नाही.

"परिणाम गेला की सिद्ध": नाही. त्याच डोसने, त्याच अंतराने कप्पा चेतवणाऱ्या यू-50,488 या औषधाची वेदनाशामकता जायला हवी आणि म्यूवर चालणाऱ्या मॉर्फिनची टिकायला हवी. 52.5 अंशांच्या पाण्यात शेपूट बुडवून ती ओढून घेण्याची वेळ मोजा, 15 सेकंदांना थांबा. मॉर्फिनही निष्प्रभ ठरलं, तर तुमच्या निकालावरून कप्पाचं नाव काढा. कप्पा रिसेप्टर नसलेले नॉकआउट उंदीर मिळत असतील तर तो पुरावा याहून भक्कम.

मोजमापातही चूक होते. बाटलीत सहसा डायहायड्रोक्लोराइड क्षार असतो (रेणुभार 734.7, बेसचा 661.8), त्यामुळे 10 मिग्रॅ बेससाठी 11.1 मिग्रॅ क्षार लागतो. डोस बेसचा की क्षाराचा, हे नोंदवहीत लिहा. क्षार निर्जंतुक पाण्यात विरघळवा. सलाईनमध्ये द्रावण गढूळ झालं तर ते टाकून द्या, कारण तळाशी बसलेलं औषध उंदरात जात नाही. 1 मिग्रॅ/मिली द्रावणाचे 10 मिली/किलो, म्हणजे 25 ग्रॅमच्या उंदराला 0.25 मिली.

"आठवड्याने तेच उंदीर": सगळ्यात महागात पडणारी चूक ही. एका डोसचा कप्पा-अडथळा कित्येक आठवडे टिकतो. औषध मेंदूत रेंगाळतं हे एक कारण. दुसरं औषधशास्त्रज्ञ चार्ल्स चावकिन यांच्या गटाने दाखवलं: हे औषध पेशीत जेएनके एन्झाइम चेतवतं आणि रिसेप्टरची संदेशयंत्रणाच बंद पाडतं. जेएनके-1 नसलेल्या उंदरांत तो लांबलचक परिणाम दिसत नाही. म्हणून चार वेगळे गट हवेत (व्हेइकल म्हणजे औषधाविना नुसतं द्रावक, ॲगोनिस्ट म्हणजे रिसेप्टर चेतवणारं औषध): व्हेइकल-व्हेइकल, व्हेइकल-ॲगोनिस्ट, नॉर-बीएनआय-व्हेइकल, नॉर-बीएनआय-ॲगोनिस्ट. त्याच प्राण्यात अदलाबदल करायचीच असेल तर ॲटिकाप्रँटसारखा कमी वेळ टिकणारा कप्पा ब्लॉकर घ्या.