कार्बनच्या काठीने ओझं खरंच निम्मं होतं का?

अमेरिकेत मचाणावरून धनुष्यबाणाने हरणांची शिकार करणाऱ्यांमध्ये सध्या एक दावा जोरात फिरतो आहे. झाडाला बांधून वर चढायच्या काठ्या, म्हणजे क्लाइंबिंग स्टिक, ॲल्युमिनियमच्या घेणं म्हणे शुद्ध वेडेपणा. कार्बन फायबर पोलादाच्या पाचपट मजबूत, ॲल्युमिनियमच्या निम्म्या वजनाचं, कधी गंजत नाही; विमानं त्याची, बाणही त्याचेच. मग जुन्या काठीची नळी काढून कार्बनची बसवा, पायऱ्या इपॉक्सीने, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या गोंदाने, चिकटवा, की पाठीवरचं ओझं निम्मं. कंपन्या याच कामाचे अव्वाच्या सव्वा पैसे लावतात, हे वर.

आधी वजनाचा हिशेब करू, कारण तो कागदावर दोन मिनिटांत होतो. ३२ मिमी व्यासाची, २ मिमी जाडीची, ५० सेंमी लांब ॲल्युमिनियमची नळी साधारण २५५ ग्रॅम भरते. त्याच मापाची कार्बनची नळी १४५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे वाचले ११० ग्रॅम. आता काठी साधारण एक किलोची धरा. उरलेलं वजन कशाचं? पायऱ्यांचं, सालीत रुतणाऱ्या व्ही आकाराच्या टेकूंचं, बोल्टचं, पट्ट्याचं आणि बकलचं. नळी बदलून यातलं काहीच हलकं होत नाही. निम्मं सोडाच, फरक पडतो अकरा टक्क्यांचा. वर चढायला लागणाऱ्या चार काठ्यांत मिळून पाण्याची अर्धा लिटरची बाटलीही भरत नाही.

‘पोलादाच्या पाचपट’ हा आकडा खोटा नाही, पण तो सुट्या तंतूचा आहे, तोही लांबीच्या दिशेने ताणलेल्या. टी७०० जातीचा तंतू ४९०० मेगापास्कलपर्यंत (मेगापास्कल हे ताण मोजायचं एकक) ताण सोसतो. मात्र नळी तंतूंची नसते, तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारी राळ यांची असते. सगळे तंतू एकाच दिशेने घातले तर आडव्या दिशेने तोच थर ५० मेगापास्कलच्या आसपास फाटतो. बांबूचंच पाहा ना: उभा वाकवायला जोर लागतो, पण कोयता घातला की सरळ चिरत जातो. नेहमीचं ६०६१-टी६ जातीचं ॲल्युमिनियम मात्र जवळजवळ सगळ्या दिशांनी सुमारे २७५ मेगापास्कलपर्यंत टिकून राहतं. कार्बनचे तंतू चारी दिशांना वाटून घातले तर कमजोरी जाते, पण मग ताठरपणा ॲल्युमिनियमपेक्षाही खाली येतो. अशा थराचा साधारण ५० गिगापास्कल, ॲल्युमिनियमचा ६९.

आणि घोडं पेंड खातं ते नेमकं पायरीच्या जोडावर. सामानासकट शंभर किलोचा माणूस नळीपासून १० सेंमीवर पाय ठेवतो, तेव्हा जोडावर सुमारे १०० न्यूटन-मीटरचा उलथवणारा जोर येतो. पायरी ५ सेंमी अंतरावरच्या दोन बोल्टवर असेल, तर वरचा बोल्ट सुमारे २०० किलोच्या जोराने नळीबाहेर ओढला जातो आणि खाली पायरी तितक्याच जोराने नळीत रुतते. कार्बनच्या पातळ भिंतीला सर्वांत नकोसा भार हाच. वर भोक पाडताना तंतू तुटतात, कडेचे थर सुटतात, बोल्ट आवळला की नळी चेपते. म्हणून आतून भरीव तुकडा बसवावा लागतो, भिंत जाड करावी लागते, आणि वाचवलेले ११० ग्रॅम परत येतात.

बोल्ट नकोत, चिकटवूनच टाकू, असं म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. ॲल्युमिनियम घासलं की हवेत लगेच त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. त्यावर नीट प्रक्रिया केली नाही तर चिकटवलेलं वरवरचं राहतं. दुसरं म्हणजे, घरच्या तापमानाला सुकणारी बरीच इपॉक्सी ५०-६० अंश सेल्सियसला मऊ पडू लागतात. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेली काळी नळी तिथवर सहज जाते. शिकारीचा हंगाम थंडीत असतो हे मान्य, पण सामान वर्षभर कुठे पडून असतं?

विमानांचं म्हणाल तर बोइंग ७८७ वजनाने निम्मं कंपोझिट, म्हणजे अशाच तंतू-राळेच्या मिश्र पदार्थाचं, आहे, खरं आहे. पण तिथले मोठे भाग ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भट्टीत दाबाखाली भाजलेले असतात, आतला मार दिसत नाही हे गृहीत धरून आखलेले असतात आणि ठरल्या वेळी तपासले जातात. बाणाचं उदाहरण तर दाव्याच्याच अंगावर उलटतं. कार्बनचा बाण सोडण्याआधी तो हाताने वाकवून करकर ऐकायची असते, हे प्रत्येक धनुर्धाऱ्याला शिकवलेलं असतं. काठी अशी वाकवून पाहता येत नाही. नाण्याने ठोकत जाऊन बद्द आवाज कुठे येतो ते शोधता येतं, पण तेवढा कान तयार हवा. ॲल्युमिनियम बहुतेक वेळा आधी वाकतं, डोळ्यांना दिसतं. कार्बन दीड-दोन टक्के ताणला की सरळ तुटतो, आणि तोवर तुम्ही वर असता.

गंजाबद्दल एवढंच: कार्बन गंजत नाही, पण दवाने ओला झाला की त्याला टेकलेलं ॲल्युमिनियम गंजवतो. मध्ये काचतंतूचा थर घातला तर प्रश्न सुटतो.

दाव्यातल्या दोन गोष्टी मात्र मी बिनशर्त मान्य करतो. पहाटे हात लावला तर कार्बन धातूसारखा चटका देत नाही, आणि एकमेकांवर आपटला तर खणखणत नाही. पण खणखणाट ॲल्युमिनियमला कापडी टेप गुंडाळूनही बराच मरतो.

कारखान्यात साच्यातून एकसंध काढलेल्या कार्बनच्या काठ्यांना हा आक्षेप लागू नाही. तिथे जोडाजवळ तंतू भाराच्या दिशेने वळवलेले असतात. त्या महाग असतात त्या साच्यामुळे, आणि भारक्षमता लिहिण्याआधी नमुने मोडून पाहावे लागतात त्यामुळेही. काठ्यांवर बहुधा ३०० पौंड लिहिलेलं असतं. घरी चिकटवलेल्या काठीवर किती लिहिणार?

ओझंच कमी करायचं असेल तर आधी पट्टा आणि धातूचं बकल काढून डायनीमा नावाच्या मजबूत प्लास्टिक तंतूची दोरी लावा. तो तंतू पाण्यावर तरंगण्याइतका हलका असतो. किंवा एकच काठी वर सरकवत चढायची आणि दोरीने उतरायची पद्धत शिका, म्हणजे तीन काठ्या घरीच राहतील. हार्नेस, म्हणजे पडताना धरून ठेवणारा अंगावरचा पट्टा, मात्र जमिनीवरूनच झाडाला जोडलेला हवा, काठी कशाचीही असो.