गाडीखाली पुठ्ठा

गावात गाडीचं बॉनेट एकांतात उघडता येत नाही. मी तर दारव्ह्याकडच्या आमच्या गावी, भर मे महिन्यात, गाडीखाली पुठ्ठा सारत होतो. माणसं जमणारच.

आईने सारवलेल्या अंगणात डाग पडला होता. शेणाच्या सारवणाने तेल पिऊन टाकलेलं, रंग कळायला मार्ग नाही. म्हणून रात्री कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा इंजिनाखाली अंथरला. लाल थेंब म्हणजे बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, हिरवं किंवा गुलाबी म्हणजे बहुधा इंजिन थंड ठेवणारं कूलंट, नुसतं पाणी म्हणजे एसीचं. ४५ डिग्रीत ते गळणारच.

सकाळी पुठ्ठ्याचा एक कोपरा शेळीने फस्त केला होता. बरं झालं, कूलंट नव्हतं. गोडसर लागतं आणि जनावराला विष. उरलेल्या भागावर पिवळसर, दाट थेंब. शेजारच्या नानांनी पुठ्ठा नाकाला लावला. "सडल्या अंड्याचा वास येऊन राह्यला गा. गेरचंच तेल हाय!"

निदान अचूक. गिअर ऑइलमधल्या गंधकाचाच तो वास. पण नाना तेवढ्यावर थांबतील तर ते नाना कसले! त्यांनी इंजिनाची डिपस्टिक उपसली. "तेल त भरपूर हाय."

मी सांगितलं, ही काडी इंजिनाची. आपल्या मॅन्युअल गिअरबॉक्सला काडीच नाही; गाडी सपाटीला उभी करून बाजूचा बोल्ट काढायचा आणि भोकाच्या काठाला तेल लागतं का ते बोटाने चाचपायचं.

"एक काडी द्याले कंपनीच्या जिवावर आलं काय?"

जॅक लावून गाडीखाली शिरायला सगळेच उत्सुक होते. म्हणजे मी शिरावं म्हणून. जॅक टायर बदलायला असतो, त्याच्या भरवशावर खाली माणूस घालायचा नसतो. मी फक्त टॉर्च लावलेला मोबाइल खाली सरकवून व्हिडिओ काढला. सगळीकडे काळ्या मातीची कोरडी भुकटी, पण चाकं फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथे चकाकता चिखल. पावसाचा पत्ता नसताना चिखल! फडक्याने लख्ख पुसलं, गावाबाहेर चक्कर मारून आलो, परत व्हिडिओ काढला. परत ओलं. तिथलं तेल अडवणारं ऑइल सील गेलेलं.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत पारावर पोचला. आता जो तो आपल्या गाडीखाली पुठ्ठा सारतो. नानांच्या ट्रॅक्टरखालचा सकाळी कोरडा ठणठणीत निघाला. नाना तो घरोघर दाखवत फिरत होते.

"आबा," त्यांचा नातू म्हणाला, "तेल असन त गळन ना!"