आधी भाडं, मग विद्यापीठ: जुळे सोलापूरच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे, पण त्यात एका बापाची खरी काळजी आहे. म्हणून दोन ओळींत न आटोपता सविस्तर लिहिते.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. परदेशी शिकायला जाताना आधी त्या शहरातलं खोलीचं भाडं बघा आणि मग विद्यापीठ ठरवा, असं मी लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं की मी मध्यमवर्गीय पोरांना घाबरवते आहे. आपली पोरं पुण्यात कॉट बेसिसवर एका खोलीत चौघं राहून इंजिनिअर झाली, तशीच तिकडेही राहतील. त्यांचा पुतण्या कॅनडात तळघरात सहा जणांसोबत राहून शिकला आणि आज उत्तम कमावतो. मुलीला मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी स्टुटगार्ट आणि माग्डेबुर्ग, दोन्हीकडून प्रवेश आला आहे. नाव मोठं म्हणून ते स्टुटगार्ट घेत आहेत. जर्मनीत फी नाही, बारा लाख खात्यात दाखवायचे, बाकी ती पार्टटाइम करून भागवेल, आणि जेवणाचं काय, घरून नेलेल्या भाकरी-चटणीवरही पोटाचं भागतं. आणि शेवटी लिहिलंय, "तुमच्यासारख्यांमुळेच सोलापूरची पोरं सोलापुरात अडकतात."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. माझ्या जर्मनच्या वर्गात येणारी निम्मी मुलं यंत्रमागावर नाहीतर अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात राबणाऱ्या घरांतली आहेत. ती जावीत म्हणून तर शिकवते. पण गेलेल्या मुलाच्या घरी तिसऱ्याच महिन्यात पतसंस्थेचे उंबरे झिजवायची वेळ आलेली मी पाहिली आहे. त्यामुळे आकडे आधीच मांडते, आणि मांडत राहणार.

आता ते बारा लाख. जर्मनीच्या व्हिसासाठी स्पेरकॉन्टोत, म्हणजे गोठवलेल्या खात्यात, सप्टेंबर 2024 पासून वर्षाचे 11,904 युरो भरावे लागतात. महिन्याला 992. हा आकडा तिथल्या सरकारच्या विद्यार्थी मदत योजनेतून, बाफ्योगमधून, आला आहे. त्याची फोड बघा: राहणीमानाला 475, घराला 380, आरोग्य आणि शुश्रूषा विम्याला 137. म्हणजे घर 380 युरोंत मिळेल असं गृहीत धरून हा आकडा बनला आहे, आणि तो अख्ख्या देशाला एकच आहे. ब्रिटनमध्ये निदान लंडन वेगळं धरतात: 11 नोव्हेंबर 2025 पासून लंडनसाठी महिन्याला 1,529 पौंड आणि बाहेर 1,171, असे नऊ महिन्यांपर्यंतचे दाखवायचे. जर्मनीत म्युनिक आणि माग्डेबुर्ग एकाच तराजूत. म्युनिकमध्ये साधी शेअरिंगची खोली सातशेच्या पुढे जाते. व्हिसा अधिकाऱ्याला 992 चालतात, तिथल्या घरमालकाला चालत नाहीत.

तुमच्याच मुलीचा हिशेब करू. स्टुटगार्टला शेअरिंगच्या खोलीला सगळं धरून 550 धरा. विमा साधारण 145. घरी रांधून खाल्लं तर किराणा 200. 992 मधून हे गेले की हातात 97 उरतात. त्यात मोबाइल, कपडे, पुस्तकं आणि सेमिस्टरचं अंशदान (ही शिकवणीची फी नव्हे, दर सेमिस्टरला भरायची वेगळी रक्कम).

पण थांबा, अजून एक राहिलंय. "जर्मनीत फी नाही" हे बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांबद्दल खरं आहे. स्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये मात्र 2017 च्या हिवाळी सत्रापासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे. महिन्याला अडीचशे पडले. म्हणजे उरलेल्या 97 वर काट मारून दरमहा दीडशेची तूट. तुमच्या सल्लागाराने हे सांगितलं होतं का, हे त्यांना जरूर विचारा.

माग्डेबुर्गला ही फी नाही. खोली 330 धरली तर भाड्यात 220 आणि फीत 250, असे महिन्याला 470 वाचतात. दोन वर्षांचे 11,280 युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सव्वाअकरा लाख. जवळपास आणखी एका वर्षाचं स्पेरकॉन्टो या दोन शहरांच्या फरकात आहे. ते दुसरं वर्षही लक्षात असू द्या, कारण राहण्याचा परवाना वाढवताना खर्चाची सोय पुन्हा दाखवावी लागते.

म्हणून स्टुटगार्ट सोडाच, असं मी म्हणत नाही. मेकॅनिकलवाल्यांसाठी बॉश, मर्सिडीज, पोर्शे सगळे तिथेच आहेत. प्रबंधाचं काम आणि विद्यार्थी-नोकरी त्या भागात मिळण्याची शक्यता जास्त, हे वजनदार कारण आहे. सव्वाअकरा लाख जास्त घालून ती संधी घ्यायची का, हा तुमचा निर्णय. फक्त तो आकडा समोर ठेवून घ्या, एवढंच माझं म्हणणं.

आता कॉट बेसिस. शेअरिंग तिथेही आहे आणि तोच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, हे तुमचं बरोबर. तिथे त्याला वेगे म्हणतात. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, स्वयंपाकघर आणि बाथरूम सामाईक. पण पुण्यात चौथा पोरगा न सांगता राहिला तर मालक फार तर आरडाओरडा करतो. जर्मनीत घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत महापालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं लेखी पत्र लागतं. चोरून राहणाऱ्याला ते पत्र कोण देणार? पत्ता नोंदला की कर क्रमांक घरी येतो, नोकरी देणारा तोच मागतो. परवान्याच्या कार्यालयालाही नोंदलेला पत्ता हवा असतो. पाहुणा म्हणून मित्राच्या खोलीत गादी टाकून चार दिवस काढता येतात, सेमिस्टर काढता येत नाही.

पुतण्याच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. सहा जणांत तळघरात राहून शिकणं सोपं नसतं. पण ती सोय नव्हती, नाइलाज होता. कॅनडाच्या सरकारनेच हे मान्य केलं. परवान्यासाठी दाखवायच्या राहणीखर्चाचा 10,000 डॉलरचा आकडा कित्येक वर्षं हललाच नव्हता. तो 1 जानेवारी 2024 पासून 20,635 केला आणि 1 सप्टेंबर 2025 पासून 22,895. दुपटीहून जास्त. मुलं अपुऱ्या पैशांत येऊन हाल काढतात, हेच त्याचं कारण सांगितलं गेलं. पुतण्या तरला म्हणून तोच रस्ता आपल्या मुलीला दाखवायचा का, हे मी मनापासून विचारते आहे.

पार्टटाइमबद्दल. मार्च 2024 पासून विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन 2025 मध्ये तासाला 12.82 युरो होतं, जानेवारी 2026 पासून 13.90 आहे. ऐकायला छान वाटतं, आणि दुसऱ्या सेमिस्टरपासून पुष्कळ मुलं स्वतःचं भाडं खरोखर त्यातून काढतात. पण पहिल्या तीन महिन्यांचं काय? पत्ता नाही, कर क्रमांक नाही, बँक खातं उघडतंय, आणि दुकानात किंवा हॉटेलात उभं राहण्याइतकी भाषा अजून जिभेवर बसलेली नाही. त्या काळात कमाई शून्य धरा. नोकरी लागलीच, तर ते पैसे वरचे.

आणि खर्च नेमका त्याच तीन महिन्यांत अंगावर येतो. मूळ लेखात यावर मी सगळ्यात जास्त लिहिलं होतं, तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखच नाही, म्हणून पुन्हा लिहिते. स्पेरकॉन्टोत बारा लाख असले तरी मुलीच्या हाती महिन्याला 992 च येतात, आणि पहिला हप्तासुद्धा तिथे पोहोचून चालू खातं उघडल्यावरच. घरमालक डिपॉझिट मागतो. कायद्याने ते काल्टमीटेच्या, म्हणजे हीटिंग आणि इतर आकार सोडून उरलेल्या भाड्याच्या, तिपटीपर्यंत घेता येतं. काल्टमीटे 400 असेल तर 1,200. वर पहिल्या महिन्याचं भाडं, विम्याचा हप्ता, सेमिस्टरचं अंशदान, परवान्याची शंभरेक युरो फी. खोली रिकामी मिळाली तर गादीपासून सुरुवात. कित्येक घरांत स्वयंपाकघरात सिंकसुद्धा नसतं, आधीचा भाडेकरू काढून घेऊन जातो. शिवाय खोली मिळेपर्यंत यूथ हॉस्टेलात रात्रीला तीस-चाळीस युरो, आणि तिथला पत्ता नोंदणीला सहसा चालत नाही. हे सगळं धरून मी मुलांना स्पेरकॉन्टोव्यतिरिक्त अडीच ते तीन हजार युरो मोकळे ठेवायला सांगते. बारा लाख खात्यात असताना पोरगी फोनवर "बाबा, डिपॉझिटला पैसे नाहीत" म्हणते तेव्हा घरच्यांना कळतच नाही, पैसे गेले कुठे. पैसे कुठेच गेलेले नसतात, ते गोठलेले असतात.

डिपॉझिटबद्दल एक गोष्ट तुमच्या उपयोगाची. ती रक्कम तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला कायद्यानेच हक्क आहे. पहिला हप्ता राहायला जाताना. मुलीला हे पाठ करून जाऊ द्या, कारण मालक आपणहून सांगणार नाहीत.

याच घाईच्या दिवसांत मुलं फसतात. माझ्या एका विद्यार्थ्याने मला मोबाइल दाखवला. फ्रँकफुर्टच्या मध्यवस्तीत फ्लॅट, सगळ्यासकट 350 युरो. फोटोत पांढरा सोफा, चकचकीत ओटा, खिडकीत कुंड्या. खाली मालकाचा गोड निरोप: मी कामानिमित्त परदेशात आहे, फ्लॅट दाखवायला कुणी नाही, दोन महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. सोबत कुणाच्या तरी पासपोर्टचा फोटो. आम्ही वर्गात बसूनच सोफ्याचा फोटो इंटरनेटवर शोधला, तर तोच सोफा दुसऱ्याच देशातल्या एका हॉटेलच्या पानावर सापडला. त्याचे वडील दुसऱ्या दिवशी पैसे भरायला बँकेत जाणार होते. घर कुणीतरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय, निदान व्हिडिओ कॉलवर मालकाने दारापासून फिरवून दाखवल्याशिवाय आणि करारावर सह्या झाल्याशिवाय एक युरोही पाठवू नका.

जेवणाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, तिथे मी तुमच्याच बाजूने. कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी खुशाल बांधून द्या. फक्त तूप, पेढे, खवा काहीही देऊ नका, बाहेरून येणाऱ्या दुधाच्या आणि मांसाच्या पदार्थांना युरोपियन युनियनमध्ये बंदी आहे. तिथे डाळ, तांदूळ, कणीक, भाज्या आवाक्यातल्या आहेत आणि विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे खानावळीत, स्वस्त जेवण मिळतं. पोटाचं भागतं. अडतं ते छपरापाशी.

आता करायचं काय, ते सांगते, कारण वेळ थोडा आहे. दोन्ही शहरांच्या श्टुडिएरेन्डनवेर्ककडे, म्हणजे वसतिगृहं चालवणाऱ्या विद्यार्थी सेवा संस्थेकडे, वसतिगृहासाठी आजच अर्ज टाका. विद्यापीठ आणि ही संस्था वेगळी, प्रवेशपत्र आलं म्हणजे खोली मिळाली असं नसतं. मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी सेमिस्टर-सेमिस्टर चालते, म्हणून अर्जाची तारीखच महत्त्वाची. हिवाळी सत्र 1 ऑक्टोबरला लागतं आणि सप्टेंबरात सगळा देश खोल्या शोधत असतो. स्टुटगार्टच्या वसतिगृहात खोली पक्की झाली तर माझा वरचा हिशेब बराच सैल होईल, फी तेवढी राहील. मग खुशाल तिकडे पाठवा. नाही झाली तर माग्डेबुर्गचा पुन्हा विचार करा. तेही सरकारी विद्यापीठ आहे आणि पदवीही तितकीच मान्य आहे.

पैशाच्या बाजूने दोनच गोष्टी. स्वतःच्या बचतीतून आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वर पाठवलं तर बँक वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापते. विवरणपत्र भरल्यावर तो तुमच्या करात जमा धरला जातो किंवा परत मिळतो, पण तोवर तेवढी रक्कम अडकते. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेवर 1 एप्रिल 2025 पासून तो नाही. आणि कर्ज घेताना हे अडीच-तीन हजार युरो सुरुवातीच्या अर्जातच मागा. नंतर वाढवून मागायला गेलात की कागदं पुन्हा फिरतात, आणि त्या मधल्या काळात माणूस पतसंस्थेकडे वळतो. जुळे सोलापूरचं घर तारण ठेवताय असं तुम्ही लिहिलंय. म्हणून तर हे इतकं लांबलं.

रविवारी सकाळी दहानंतर मी सात रस्त्याच्या वर्गावरच असते. मुलीला घेऊन या, काकूंनाही आणा. येताना दोन्ही प्रवेशपत्रं आणि बँकेने दिलेला खर्चाचा तक्ता आणा. त्या तक्त्यात राहण्याच्या खर्चापुढे कोणता आकडा धरला आहे, तो आपण सगळ्यात आधी बघू.