नॅनो-गाडी इंजेक्शनातून अंगात शिरत नाही

माझ्या मावशीचा पाय पत्र्याने कापला आणि ती धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला तयार नाही. कारण हा फॉरवर्ड : 'शास्त्रज्ञांनी रेणूंच्या गाड्या बनवून शर्यत लावली. आता त्या इंजेक्शनातून अंगात सोडतात आणि मोबाइल टॉवरवरून माणसावर ताबा मिळवतात. नाहीतर एवढ्या बारीक गाड्या हव्यात कशाला?'

गाड्या बनवल्या, एकेक गाडी म्हणजे एकच रेणू, हे खरं. तेवढं मान्य. एप्रिल २०१७ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला शर्यतही झाली.

पण ती कशी झाली हे कोणी वाचलंय का? सोन्याचा पृष्ठभाग, हवा पूर्ण काढून टाकलेली पेटी आणि उणे २६८ अंश तापमान. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपचं, म्हणजे एकेक अणू टिपणाऱ्या यंत्राचं, अणुइतकं अणकुचीदार टोक जवळ नेऊन विजेचा हलका धक्का द्यायचा, की रेणू किंचित सरकतो. स्विस संघाची गाडी साडेसहा तासांत १३३ नॅनोमीटर गेली. केसाची जाडी धरा ८०,००० नॅनोमीटर. म्हणजे याच वेगाने तिला एक केस ओलांडायला पाच महिन्यांहून जास्त लागतील. गाडीत इंजिन नाही, अँटेना नाही. टोक बाजूला झालं की गाडी जागच्या जागी. रक्त ३७ अंशांचं आणि पाण्याच्या रेणूंनी खच्चून भरलेलं. तिथे ती कोण चालवणार, आणि कशाने?

शिवाय धनुर्वाताची लस दुसऱ्या महायुद्धातही सैनिकांना टोचत होते. रेणू असा हलवू शकणारा हा मायक्रोस्कोप बनला १९८१ साली! लशीत असतं ते जंतूचं निष्प्रभ केलेलं विष आणि अ‍ॅल्युमिनियमचा क्षार. काही कोविड लशींत चरबीचे नॅनोकण होते, हो. पण ती लशीतला आरएनए (प्रथिन कसं बनवायचं याची सूचना असलेला रेणू) पेशीपर्यंत नेणारी वेष्टणं, यंत्रं नव्हेत. आणि टॉवरचं म्हणाल, तर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत नॅनो चिप शोधणारेही असंच छातीठोकपणे बोलत होते.

राहिला 'हव्यात कशाला'चा प्रश्न. तुलूझच्या मायक्रोस्कोपला चार टोकं होती. एकाच पृष्ठभागावर चार वेगवेगळे रेणू एकाच वेळी, एकमेकांना धक्का न लावता हाताळता येतात का, हे तिथे तपासायचं होतं. रेणू पृष्ठभागाला कुठे चिकटतो, विजेच्या धक्क्याने कोणत्या दिशेला सरकतो आणि कधी मोडतो, हे एकेक रेणू समोर ठेवूनच कळतं. असंख्य रेणूंच्या द्रावणात सगळ्यांची सरासरी तेवढी हाती लागते.