घासलेला वस्तरा आणि तुमचा राग

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली तेव्हा, खरं सांगतो, माझंही डोकं तापलं होतं. सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली आणि लक्षात आलं की तिच्यातलं निम्मं तरी बरोबर आहे. तुम्ही एवढा वेळ काढून लिहिलंय, तेव्हा ‘धन्यवाद, मतभेद असू शकतात’ असं म्हणून कटवणं काही बरं नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेल्या वेळी मी इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या एका जाड पाठीच्या जुन्या वस्तऱ्याचे दोन फोटो टाकले होते. पहिल्यात पातं गंजाने तपकिरी, दुसऱ्यात तोंड दिसेल इतकं लख्ख. त्यावर तुम्ही लिहिलंत की हा संग्रह नव्हे, ही नासाडी आहे. यंत्रावर धरून पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरवलं, वस्तूचा इतिहास पुसला, आणि वर फुशारकी मारली. अशा वस्तू हवाबंद पेटीत ठेवायच्या असतात, त्यांनी दाढी करायची नसते. मेलेल्या माणसांचे वस्तरे आणि ब्रश तोंडाला लावणं तर किळसवाणं. शेवटी जाता जाता एक टोला: निम्मा संग्रह जिलेटचा, म्हणजे कंपनीने फुकट वाटलेला माल, त्याचं कसलं कौतुक!

आधी कबुली देऊन टाकतो. त्या वस्तऱ्याच्या पात्यावर अक्षरं होती. आम्लाने कोरलेली, अगदी उथळ, आणि त्यांच्यात सोन्याचा पुसटसा मुलामा. गंजाखाली ती दिसत नव्हती. वॉटर पेपरचे, म्हणजे पाणी लावून घासायच्या कागदाचे, दहाबारा हात फिरल्यावर पाणी पुसलं, पातं दिव्याखाली तिरकं धरलं, तेव्हा एका शब्दाची शेवटची दोन अक्षरं चमकली. मी थांबायला हवं होतं. वाटलं, अजून थोडं साफ केलं की पूर्ण शब्द वाचता येईल. आणखी चार हात फिरवले आणि होती तीही अक्षरं गेली. तिथे काय लिहिलं होतं हे आता कोणालाच कळणार नाही. हे मी लेखात लिहिलं नव्हतं. लाज वाटली म्हणून लिहिलं नव्हतं. तुमच्या रागाला इतर कुठलंच कारण नसतं तरी एवढं पुरेसं होतं.

यंत्राचा आरोप मात्र मान्य नाही. बफिंगचं, म्हणजे चकाकी आणायचं यंत्रावरचं चाक मी पात्याला लावत नाही, आणि त्याचं कारण तुम्ही म्हणता तेच आहे. वस्तऱ्याची धार कागदाहून पातळ असते. चाकाच्या घर्षणाने ती क्षणात तापते, आणि पोलाद दोनशे अंशांच्या बरंच पुढे गेलं की आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं. तसं पातं दिसायला कितीही देखणं असो, त्यावर टिकाऊ धार बसत नाही. मी हातानेच घासतो, पाणी लावून, आणि त्याला दोन-दोन संध्याकाळी लागतात.

पण हाताने घासण्यातही एक पाप दडलेलं आहे, आणि ते तुमच्या प्रतिक्रियेत नाही म्हणून मीच सांगतो. वस्तरा धारेच्या दगडावर आडवा ठेवतात तेव्हा त्याची धार आणि पाठ दोन्ही एकदम दगडाला टेकतात. कोन हाताने धरावा लागत नाही, पाठीची जाडी तो ठरवते. बनवणाऱ्याने पात्याची रुंदी आणि पाठीची जाडी यांचं गणित जमवूनच पातं घडवलेलं असतं. उत्साहाच्या भरात पाठ घासून गुळगुळीत केली की ते गणितच बिघडतं. धारेचा कोन अरुंद होतो आणि धार दाढी करताना चुरा व्हायला लागते. फोटोत हे दिसत नाही. आंतरजालावर ‘नव्यासारखा केलेला’ म्हणून मिरवणारे कित्येक वस्तरे असे पाठीतून मेलेले असतात.

आता इतिहासाचं. कुठला डाग इतिहास आणि कुठला नुसता ओलावा, यावर आपलं खरं भांडण आहे. लाल गंज पोलाद खात राहतो. त्याला हात न लावणं म्हणजे वाळवीला दप्तर सांभाळायला देणं. त्याउलट राखाडी-काळसर साय असते, ती स्थिर असते, तिला मी पूर्वीही घासत नव्हतो आणि आताही घासणार नाही. पण माझ्या मते वस्तऱ्याचा सगळ्यात बोलका इतिहास या दोन्हींत नसतो, तो झिजेत असतो. माझ्याकडे एक पातं आहे, त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना दगडाने पडलेले चपटे, चमकते पट्टे आहेत. एका बाजूचा पट्टा दोरीएवढा बारीक, दुसऱ्या बाजूचा टोकाकडे रुंद होत गेलेला. म्हणजे दगडावर पातं एका दिशेने नेताना त्या माणसाच्या मनगटाचा भार टोकावर पडायचा, परत आणताना पडत नसे. धार मध्यभागी किंचित आत गेलेली आहे, कपाळाला आठी पडावी तशी. कोण होता, काय करायचा, काही ठाऊक नाही. त्याचं मनगट तेवढं माझ्या ओळखीचं झालंय. ते पट्टे मी सरळ केलेले नाहीत, धार लावताना दगडच तिरका फिरवून घेतो. त्याला वेळ जास्त लागतो.

मुठीजवळच्या दांड्यावरचे ठसेही असेच. तिथे मी आता फक्त तेलाचं बोट आणि मऊ कापड लावतो. राजमुकुट आणि ‘व्ही आर’ असेल तर व्हिक्टोरियाचा काळ, १८३७ ते १९०१, निदान अलीकडची हद्द तरी कळते. नुसतं ‘शेफिल्ड’ आहे की पुढे ‘इंग्लंड’ही आहे, हे पाहायचं, कारण अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. तिकडे न गेलेल्या मालाला हा नियम लागू नव्हता, तेव्हा डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ‘सिल्व्हर स्टील’ दिसलं तर मला उगीच गंमत वाटते. सुऱ्या-वस्तरे बनवणाऱ्या जेम्स स्टोडार्टबरोबर शास्त्रज्ञ मायकल फॅरडेने १८२० च्या सुमारास पोलादात चांदी मिसळून पाहिली होती, तीही पाचशे भागांत एक भाग. आपल्या मिश्रणांच्या पोलादाचे वस्तरे तो मित्रांना भेट द्यायचा. पुढे ते शब्द ज्याच्या त्याच्या वस्तऱ्यावर झळकले, आणि चांदीचा संबंध बहुधा ठशापुरताच उरला.

हवाबंद पेटीचा सल्ला तुम्ही फार ठामपणे दिलात. इथे मी तुमच्याहून ठाम आहे, कारण मी पोळलोय. सुरुवातीच्या वर्षांत सात वस्तरे एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले होते. त्यांतल्या एकाची मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची होती, कासवाच्या कवचासारखी दिसणारी. वर्षभराने डबा उघडला तर कापरासारखा आणि त्याखाली काहीतरी आंबट, नाकाला झोंबणारा वास. त्या मुठीला बारीक जाळीदार तडे गेले होते. त्याच्या पात्यावर गंज होताच, पण मुठीत मिटलेला जो भाग होता तिथे सगळ्यात जास्त. आणि शेजारचे दोन, ज्यांच्या मुठी साध्या शिंगाच्या, तेही डागाळलेले. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. जुनं झालं की ते विघटित होऊन नायट्रोजनच्या ऑक्साइडांची आम्लधर्मी वाफ सोडायला लागतं, आणि ती वाफ कोंडली की विघटन आणखी वेगाने होतं. म्हणजे हवाबंद डबा त्याच्यासाठी औषध नाही, तीच शिक्षा आहे. आता सेल्युलॉइडवाले वस्तरे वेगळे, उघड्या हवेत, उन्हापासून लांब, पातं अर्धवट उघडून ठेवतो. बाकीच्यांना तेलाचा हलका हात. चामड्याच्या म्यानातही ठेवत नाही, कारण चामडं ओलावा धरतं.

किळस हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे, त्यावर वाद नाही. धोक्याचं म्हणाल तर वस्तरा आणि ब्रश यांना एका पारड्यात घालू नका. पोलाद साफ होतं. साबण, मग जंतुनाशक, मग नवी धार, म्हणजे त्वचेला टेकणारा भाग तसाही नवाच असतो. फक्त शिंगाच्या मुठीचा वस्तरा उकळत्या पाण्यात घालू नका, शिंग वाकतं.

ब्रशबाबत मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर, आणि तुम्हाला वाटतं त्याहून जास्त बरोबर. पहिल्या महायुद्धाच्या काळात बिजूच्या (बॅजर या प्राण्याच्या) केसांचा तुटवडा पडला, तेव्हा घोड्याचे केस रंगवून ब्रश बनवले जाऊ लागले आणि ते नीट निर्जंतुक केले जात नव्हते. त्यांतून दाढीच्या जखमांवाटे अँथ्रॅक्स हा जीवघेणा जिवाणूजन्य रोग पसरला. ब्रिटन आणि अमेरिकेत मिळून दोनशेवर माणसांना त्याची लागण झाली, त्यांत सैनिक होते आणि साधे नागरिकही. अखेर १९२० मध्ये ब्रिटनने जपानी बनावटीच्या दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली. या जंतूंचे बीजाणू दशकानुदशकं तग धरतात, घरच्या उकळत्या पाण्याला दाद देतीलच असं नाही. म्हणून त्या काळातला केसांचा ब्रश मी वापरत नाही, आणि नुसत्या हौसेखातर त्याचे केस कातरून काढायलाही कोणाला सांगणार नाही. माझ्याकडे असे दोन आहेत, ते पिशवीत बंद आहेत आणि तसेच राहतील. (हो, हे मात्र हवाबंद.)

राहता राहिला जिलेट. ‘रेझर फुकट वाटा आणि ब्लेडवर कमवा’ ही गोष्ट इतकी सांगितली गेलीय की तीच खरी वाटते, मीही कधीकाळी ती दुसऱ्यांना ऐकवलीय. प्रत्यक्षात किंग कॅम्प जिलेटचं पेटंट १९०४ मध्ये मंजूर झालं आणि ते चालू होतं तोवर रेझर चांगला महागडा होता. लोकांनी तो ऐपतीची वस्तू म्हणून घेतला. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली, नकला येणार हे दिसू लागलं, तेव्हा कुठे कंपनी स्वस्त रेझरकडे वळली. पातळ पत्र्याच्या पोलादाला धार धरण्याइतकं कडक करणं हे खरं कोडं होतं. ते विल्यम निकरसन या अभियंत्याने सोडवलं, आणि त्याचं नाव रेझरवर कुठेच नाही. पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, विकले गेले मोजून ५१ रेझर. दुसऱ्या वर्षी नव्वद हजारांवर.

आणि हा ‘फुकटचा माल’ जरा हातात धरून बघा. पन्नासच्या दशकातला मूठ पिरगाळून उघडणारा अमेरिकी रेझर घ्या. मुठीच्या बुडाची गुंडी फिरवली की डोक्यावरची दोन झाकणं कोठाराच्या दारांसारखी उघडतात. रेझर उलटा करून डोक्याखाली पाहिलं की एक अक्षर आणि एक आकडा दिसतो. ‘ए’ म्हणजे १९५५, तिथून पुढे वर्षाला एक अक्षर, आणि आकडा म्हणजे तिमाही. ‘सी ३’ असेल तर तो १९५७ च्या तिसऱ्या तिमाहीत बनला. दीडशे वर्षांच्या वस्तऱ्याचं दशक ठरवताना माझ्या नाकी नऊ येतात, आणि हा पठ्ठ्या स्वतःची जन्मवेळ सांगतो. असे रेझर लाखोंनी बनले. त्यांतला एक मी रोज वापरला म्हणून जगातली कुठलीच माहिती बुडत नाही. ज्या वस्तऱ्याचा जोड मिळणार नाही, त्याला मी आता हात लावणार नाही. माझी रेघ इथे आहे. ती आधीच आखायला हवी होती, हे मान्य.

मूळ लेखातला ‘नंतर’चा फोटो काढलेला नाही, पण त्याखाली गेलेल्या अक्षरांची हकीकत आज लिहून टाकली आहे.

आता तुमच्याच एका वाक्याकडे वळतो, कारण त्याने मला सकाळपासून अस्वस्थ केलंय. तुम्ही लिहिलंय की आजोबांचा वस्तरा तुम्ही वीस वर्षं बंद पेटीत जसाच्या तसा ठेवलाय, आणि त्याची मूठ पिवळी, तपकिरी ठिपक्यांची, उजेड आरपार जाईल अशी आहे. ते खरं कासवाचं कवच असू शकतं. भिंगातून पाहिलंत तर खऱ्या कवचात रंग बारीक बारीक कणांनी भरलेला दिसतो, नकलेत तो ढगासारखा वाहत गेलेला असतो. पण तसं नसेल तर ते सेल्युलॉइड असण्याची बरीच शक्यता आहे. कोणी तापलेली सुई टोचून बघायला सांगेल, अजिबात ऐकू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं. मुठीवर अंगठा जोरात घासा आणि लगेच हुंगून बघा. कापराचा वास आला तर वस्तरा आजच पेटीतून बाहेर काढा, पातं अर्धं उघडा आणि मुठीच्या आत मिटणारी बाजू तपासा. डाग असतील तर काहीही लावू नका, घासू तर मुळीच नका. फोटो पाठवा, मग बघू.